रविवारी जेवून गेला

४ जानेवारी

धाकटीस,

दादाचा आशीर्वाद. नको असला तरी ठेवून घे, परत पाठवायला पुन्हा तिकीट लागतं.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याला तेल लावतोस का, सकाळी फिरायला जातोस का आणि दाराची कडी दहादा उठून तपासायची खोड गेली का, असं तू विचारलंस. तेल संपलं, फिरायला जात नाही आणि खोड जाणार नाही. जन्मभर लोकांची कुलपं दुरुस्त केली, त्यामुळे कुलूप किती भरवशाचं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला झोप लागते.

परवा हवाई दलाच्या कचेरीतून इस्त्रीवाले साहेब आले होते. दर तीन महिन्यांनी येतात. पँटची घडी मोडू नये म्हणून खुर्चीच्या कडेवर टेकतात, चहा घेतात, घरात सगळे ठीक ना म्हणतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, ‘ठोंब्याचं काही कळलं का?’ ठोंब्या म्हणत नाहीत अर्थात. फ्लाइंग ऑफिसर म्हणतात.

आता तूच सांग. विमान त्यांचं, पेट्रोल त्यांचं, नकाशा त्यांचा, लढाई त्यांची. पोरगा तेवढा आपला होता, तोही त्यांनी सही घेऊन नेला. लढाईच्या पहिल्याच हिवाळ्यात तो विमानासकट बेपत्ता झाला, आता दुसरा हिवाळा अर्धा सरला, आणि हे आम्हाला विचारतात काही कळलं का. धोब्याकडे सदरा हरवला तर धोबी आपल्या दारात येऊन ‘बुवा, सदरा आला का तुमच्याकडे’ असं विचारतो का? विचारलं तर आपण त्याला चहा देतो का?

तुझं म्हणणं मला माहीत आहे. सरळ ‘नाही’ म्हणून मोकळं व्हावं. पण तो ‘नाही’ मी आजवर एकदाही तोंडातून काढलेला नाही. खोकलो असेन, साखर किती घालू विचारलं असेन, पण ‘नाही’ म्हटलं नाही. आपण म्हणायचं आणि त्यांनी लिहून घ्यायचं, म्हणजे हरवला आमच्याकडून असा त्याचा अर्थ होईल. ज्यांनी हरवला त्यांनी म्हणावं.

परवा त्यात माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. शेजारच्या मास्तरांनी जिन्यात गाठून सांगितलं की शाळेच्या सभागृहात ठोंब्याचा भला मोठा फोटो लावला आहे. कोणत्या शाळेत? ज्या शाळेने त्याला गणितात दोनदा त्याच वर्गात बसवलं आणि मला बोलावून ‘या ठोंब्याला दुकानात किल्ल्या घासायला बसवा’ म्हणून सांगितलं, त्याच शाळेत. नावही त्यांनीच ठेवलं, आता फोटोही तेच लावतात.

तर साहेबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं. मी म्हटलं, “कळलं ना. रविवारी आला होता. जेवला, मीठ कमी आहे म्हणाला, हात धुतले आणि गेला.”

मला वाटलं माणूस लाजेल, निदान बुटांकडे बघेल. त्याने पेन काढलं. कोणता रविवार, म्हणाला. मी म्हटलं, मागचा. एकटाच होता का? म्हटलं, एकटाच, विमान आणलं नव्हतं. सगळं लिहून घेतलं. चष्मा सापडेना, म्हणून न वाचताच मी खाली सही ठोकली. जाताना त्यांनी चक्क सलाम केला. कितीतरी दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

सूनबाई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजवर कामाला होती. तिला यातलं काही बोललो नाही. ती हल्ली हसत नाही, आणि ही गोष्ट हसण्यासारखी आहे.

थंडीत कान बांधून झोप.

तुझा
दादा


१५ जानेवारी

दादा,

वाकून नमस्कार करावा तर कंबर धरते, म्हणून हा उभ्यानेच घे.

तुझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. आई गेली, हाड अजून आलेलं नाही. अरे, सरकारी माणसाला टोमणा मारू नये. तो त्याला लागत नाही, तो त्याची नोंद करतो. आमच्या इस्पितळात एक म्हातारा पाय मोडून पडला होता. नव्या डॉक्टरांनी विचारलं, आज कसं वाटतंय? म्हातारा वैतागून म्हणाला, मजेत आहे, नाचावंसं वाटतंय. डॉक्टरांनी त्याला घरी सोडायचा कागद केला. मी त्या वॉर्डची मुख्य नर्स नसते तर तो प्लास्टरसकट फाटकाबाहेर गेला असता.

तेव्हा उद्या कचेरीत जा आणि सांग की मी रागाच्या भरात बोललो, तो आला नव्हता. आणि तोंड उघडणारच आहेस तर खरं तेही बोलून टाक. वहिनी गेल्यावर तुझ्या पोराला मी लहानाचा मोठा केला. त्याचं नाक मी पुसलं, त्याला पोहायला मी शिकवलं. मला म्हणता येतं आणि तुला येत नाही, असं काय मोठं झालंय? मी आयुष्यभर माणसं जाताना पाहिली. गेलेल्याला गेला म्हटलं की मागच्यांचा श्वास मोकळा होतो.

सूनबाई तिशीची आहे. एक्स्चेंजने तिला मोठ्या शहरात जागा देऊ केली होती. ती तिने का नाकारली, विचारलंस कधी? तू कड्या तपासत बसतोस म्हणून. एका माणसाची वाट बघायला घरात दोन माणसं कशाला लागतात? तिच्या छातीवर धोंड्यासारखा बसला आहेस, आणि वर म्हणतोस ती हसत नाही.

तेलाची बाटली पाठवते आहे. लाव, शोभेला ठेवू नको.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

तेल पोचलं. पत्रही पोचलं. कचेरीत जायचं राहून गेलं, कारण कचेरीच इकडे आली.

दोन जीपगाड्या घेऊन आले. गल्लीत एक गाडी कशीबशी मावते, दुसरी फळवाल्याच्या हातगाडीला चिकटून उभी राहिली. इस्त्रीवाले नव्हते. यांचे बूट मोठे होते आणि कुणाला चहा नको होता. दोन खोल्यांचं घर आपलं, त्यात लपून लपून माणूस लपणार कुठे? पण त्यांनी पिठाचा डबासुद्धा उघडून पाहिला. ठोंब्याच्या ट्रंकेचं कुलूप पहारीने फोडलं. मी म्हटलं, अहो, मी कुलूपवाला आहे, किल्ली मागा की. तर म्हणाले, तुम्ही बाजूला उभे राहा. राहिलो. माझ्याच हातचं कुलूप होतं. चांगलं झुंजलं.

तर आता तुझ्या भाच्याला बढती मिळाली आहे. तो बेपत्ता होता, आता फरारी झाला. विमान कुठेतरी टाकून चालत घरी आला, बापाच्या हातचं जेवला आणि सटकला. बापाची सही आहे. विमान आणलं नव्हतं हेही बापानेच सांगितलं आहे.

शाळेने फोटो उतरवला. मास्तर जिन्यात भेटले तर भिंतीकडे तोंड करून उतरू लागले. लावताना मात्र त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

हे सगळं मी तुला हसत लिहिलं असतं. पण त्यांच्यातलेच दोघे त्याच वेळी एक्स्चेंजवर गेले होते. सूनबाई कानाला यंत्र लावून लाइनी जोडत होती. तिला उठवून मुख्य बाईंच्या खोलीत नेलं आणि विचारलं, तुमचा नवरा रविवारी घरी येऊन गेला, तुम्हाला कुठे भेटला? त्यांना वाटलं ती घाबरेल. तिने एवढंच ऐकलं की नवरा येऊन गेला.

ती पळत घरी आली, धाकटे. चार गल्ल्या पळत आली. केसांवर त्या यंत्राच्या पट्टीचा दाब तसाच होता. मी पिठाच्या डब्याजवळ उभा होतो, घर सगळं विस्कटलेलं. तिने ते पाहिलंच नाही. दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, दारामागे पाहिलं. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि विचारलं, “बाबा, काय जेवला?”

मी तिला सांगितलं. मी कसं सांगितलं ते विचारू नको. ती खाली बसली आणि सांडलेलं पीठ भरू लागली.

तिला कामावरून घरी बसवलं आहे. फरारी माणसाची बायको लढाईच्या दिवसांत टेलिफोनवर कशी चालेल, असं म्हणतात. त्यांचं चूक नाही. चूक कुणाची आहे ते मला माहीत आहे, तू पुन्हा लिहून कागद खराब करू नको.

पण एक गोष्ट मनात आली ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू? पोरगा हरवला तेव्हा म्हणाले, शोधायला विमानं मोकळी नाहीत, धुकं आहे, लढाई आहे. आता पळाला म्हटल्यावर दोन जीपगाड्या, मोठे बूट आणि प्रत्येक बसस्टँडवर त्याचा फोटो. फोटो चांगला आहे, तू दिलेला स्वेटर घातलेला. हरवलेल्यासाठी यांच्याकडे काही नव्हतं. पळालेल्यासाठी सगळं आहे. मी तोंड उघडलं तर गाड्या परत जातील.

मला रात्रीचं सोड, दिवसाही सुचेनासं झालं आहे. काय करू ते कळव.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

तुझे पाहुणे माझ्याकडेही येऊन गेले. कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं. पलंगाखाली माझं रात्रीचं भांडं होतं, ते त्यांना सापडलं. तेवढंच सापडलं. मी त्यांना चांगलं झाडलं. म्हटलं, माझ्या भावाला टोमणे मारायची खोड आहे, त्याच्या टोमण्यांवर सरकार चालवू नका. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

काय करू म्हणून विचारतोस? तीन शब्द लिहून द्यायचे आहेत. तो आला नव्हता. चौथीपर्यंत शिकलास, तेवढं येईल. गाड्या फिरताहेत म्हणून तुला बरं वाटतंय? त्या गाड्यांचं पेट्रोल सूनबाईच्या नोकरीतून जळतंय. पोरीला तू आधी वाट बघायला बसवलीस, मग दारामागे बघायला लावलंस, आता घरी बसवलीस. अजून काय काय करवून घ्यायचं ठरवलं आहेस तिच्याकडून?

त्याच्या नावाला फरारी चिकटलंय, तेही तुझ्या सहीने. त्याला गणित येत नव्हतं, पण तो कधी पळाला नव्हता. विहिरीत उडी मारायची पाळी आली तेव्हा सगळी पोरं काठावर रडत उभी होती आणि हा नाक धरून उडी मारून मोकळा.

उद्याच जा. परवा नको.

धाकटी


२४ फेब्रुवारी

धाकटे,

गेलो होतो. उद्याच म्हणालीस, पत्र पोचायलाच उद्या उलटून गेला, पण पोचल्याबरोबर गेलो.

कचेरी म्हणजे लांबलचक व्हरांडा. बाकं भिंतीला ठोकून बसवली आहेत, लोक घेऊन जातील म्हणून असेल. एका जाड चष्म्याच्या कारकुनाने मला समोर बसवलं, कोरा कागद दिला आणि म्हणाला, आजोबा, लिहा तुमचा जबाब. माणूस बरा होता. मी पेन उघडलं, झाकण मागे लावलं, तारीख लिहिली. मग त्याला विचारलं, हे लिहून दिल्यावर पुढे काय होतं?

चौकशी बंद, म्हणाला. मग तुमच्या मुलाचं नाव पुन्हा बेपत्तांच्या कपाटात.

आणि शोध?

शोध आधीच पूर्ण झालेला आहे, आजोबा. विमानातून शेवटचा आवाज सरहद्दीच्या नदीपलीकडून आला होता. त्यामुळे नदीपलीकडे जेवढं बघता येण्यासारखं होतं तेवढं बघितलं. आता लढाई संपेपर्यंत काही नाही.

मग आत्ता या गाड्या कुठे शोधताहेत?

तो हसला. म्हणाला, ही चौकशी वेगळी. पळून आला म्हणजे नदीच्या अलीकडे आला, तेव्हा अलीकडे शोधताहेत.

मी त्याला म्हटलं, अलीकडे यापूर्वी कुणी शोधलं होतं का? तो म्हणाला, अलीकडे कशाला शोधतील? आवाज पलीकडून आला होता ना.

धाकटे, मी कुलूपवाला. किल्ली हरवली म्हणून माणूस दुकानात यायचा तेव्हा मी पहिल्यांदा त्याला त्याचेच खिसे बघायला लावायचो. निम्म्या वेळा तिथेच सापडायची आणि माझं गिऱ्हाईक जायचं. मी झाकण काढलं, पेन बंद केलं, पोटात कळ आली म्हणून सांगितलं आणि उठलो. तारखेचा कागद तिथेच राहिला.

रस्ताभर मी सूनबाईला काय सांगायचं ते जुळवत आलो. ती खिडकीशी बसून शेजारणीच्या सदऱ्यांना बटणं लावत होती. एक्स्चेंजवर असताना ती लोकांची बोलणी जोडून द्यायची, आता लोकांची बोलणी थेट तिच्यापर्यंत येतात, मध्ये ऑपरेटर लागत नाही. मी सगळं सांगितलं. म्हटलं, तू म्हणशील तर आत्ता उलट पावली जातो. माझं तोंड काळं झालं तरी चालेल, तुझी नोकरी परत येईल.

तिने दातांनी दोरा तोडला. म्हणाली, “बाबा, राहू द्या. शोधताहेत ना?”

तर आता तू आम्हा दोघांनाही शिव्या घाल. एकाच पत्रात दोघांना घाल, खर्च वाचेल. ती म्हणते खाली दोन ओळी तिलाही लिहायच्या आहेत, म्हणून थांबतो.

दादा

आत्याबाईंना नमस्कार. बाबांवर रागावू नका. मोठ्या शहरातली जागा मी त्यांच्यासाठी नाकारली असं ते समजतात आणि तुम्हीही समजता. तसं नाही. तिथल्या एक्स्चेंजवर सैन्याच्या लाइनी नाहीत. इथे आहेत. लाइन जोडताना कधी कधी दोन शब्द कानावर पडतात. वर्षभर तेवढ्यासाठी बसले. एकदाही त्यांचं नाव ऐकू आलं नाही. आता निदान चौकशीत तरी त्यांचं नाव कोणी घेतंय.


८ मार्च

दादा,

दोघांनाही शिव्या द्यायला बसले होते. पहिली ओळ चांगली जमली होती. ती खोडून हे लिहिते आहे.

मागच्या पत्रात मी तुला एक सांगितलं नाही. ते बूटवाले माझ्याकडे आले तेव्हा दारातच म्हणाले, तुमचा भाचा परत आला आहे, तुमच्या भावाने तसा जबाब दिलाय. तू काय बोललास ते तुझ्या पत्रातून मला आधीपासून माहीत होतं. पत्र समोर टेबलावर होतं. म्हणजे जगात एकच बाई अशी होती जिला फसवणं शक्य नव्हतं. तरी, दादा, मी फसले. मला त्याचा राग आला. म्हटलं, बापाकडे जेवून गेला आणि माझ्याकडे आला नाही? मी वाढवला आणि माझ्याकडे नाही? ते पलंगाखाली वाकून बघत होते तेव्हा मीसुद्धा वाकून बघितलं.

गेलेल्याला गेला म्हणावं, मागच्यांचा श्वास मोकळा होतो. हे मी किती जणांना शिकवलं असेन.

परवा ते पुन्हा आले. आता काही आठवतं का म्हणाले. सूनबाईच्या दोन ओळी सकाळीच वाचल्या होत्या. मी म्हटलं, आठवतं. मागच्या महिन्यात बसस्टँडवर एक जण पाठमोरा दिसला, अगदी त्याच्यासारखा खांदे पाडून चालणारा. कुठल्या बसमधून उतरला, म्हणाले. आता मला काय माहीत कुठल्या? मला एकच बस आठवली, डोंगराकडून येते ती. गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्याला गेले होते तेव्हा तिने मला दोनदा ओकायला लावलं होतं, म्हणून लक्षात. तीच सांगितली. या वेळी मात्र त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला.

नर्सला खोटं बोलायची सवय असते. थोडंसंच दुखेल, उद्या घरी सोडतील. पण त्या खोट्यावर कधी सही करावी लागत नव्हती. आता तुझ्यासारखीच मीही सही करून बसले आहे.

सूनबाईला म्हणावं बटणं लावून डोळे फोडू नको. मी थोडी लोकर पाठवते, आपल्यासाठी काहीतरी विणायला घे.

धाकटी


११ एप्रिल

धाकटे,

तुला तार पाठवणार होतो. पण तारेत मावेल असं काही नाही, आणि तार तुझ्या दारात आली की तू उघडण्याआधीच खाली बसशील, म्हणून पत्रच लिहितो. बसून वाच.

सापडला.

काल इस्त्रीवाले साहेब आले. बरोबर तो जाड चष्म्याचा कारकून. साहेब या वेळी खुर्चीत मागे टेकून बसले, घडी मोडली तरी. तुझ्या बसचा माग काढत बूटवाले डोंगरात वर वर गेले. जिथे बस थांबते त्याच्या पुढे, जिथे लाकडं जाळून कोळसा पाडणारे लोक राहतात तिथपर्यंत. त्यांना फोटो दाखवून विचारलं, हा माणूस पळून इकडे आला का? ते म्हणाले, माणूस कुणी आला नाही, विमान मात्र आहे. वरच्या कड्याखाली, झाडीत. लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात त्यांनी खालच्या चौकीवर येऊन सांगितलंही होतं. चौकीवाल्याने त्यांना समजावलं की शोध नदीपलीकडे चालू आहे, इकडे विमान असणं शक्य नाही. गरीब माणसं, त्यांना वाटलं असेल आपलंच काहीतरी चुकलं. ती परत गेली.

ठोंब्या आत होता. पट्टे बांधलेले. विमानाला पलीकडेच मार लागलेला होता, साहेब म्हणाले, आवाजाचं यंत्र तिथेच बंद पडलं असावं. म्हणून शेवटचा आवाज तिथला. पुढचं सगळं अंतर तो न बोलता आला. नदी ओलांडून आला, धुक्यात डोंगरापर्यंत आला. विमानाचं तोंड इकडे होतं, धाकटे. पळाला नव्हता. परत येत होता.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने साहेबांना एकच विचारलं, लगेच झालं का? ते हो म्हणाले. खरं असो खोटं असो, ते त्यांनी बरं केलं. मग ती आत गेली आणि नळ सोडून ठेवला, बराच वेळ. मी उठलो नाही. पाणी वाया जातंय म्हणून मी जन्मात पहिल्यांदाच ओरडलो नाही.

आता सरकारचं ऐक. मला वाटलं एवढं सांगून माणसं उठतील. साहेब खोकले आणि कारकुनाने फाइल उघडली. त्यांच्यापुढे अडचण अशी की कागदोपत्री हा माणूस पहिल्या हिवाळ्यापासून डोंगरात आहे, आणि कागदोपत्रीच तो या जानेवारीत रविवारी माझ्याकडे जेवला आहे. एकाच फायलीत दोन्ही राहू शकत नाहीत. त्यातलं एक काढल्याशिवाय त्याला घरी पाठवायचा हुकूम निघत नाही. डोंगरातलं काढता येत नाही, ते मोजून मापून झालं आहे. साहेब अगदी ओशाळून बोलत होते. मला त्यांची कीव आली. ज्या दिवशी लाजायला हवं होतं त्या दिवशी लाजले नाहीत, आणि आता त्यांची काही चूक नसताना लाजत होते.

कारकुनाने तोच कागद आणला होता. माझ्या हातची तारीख घातलेला. ती तारीख खोडून त्याने मला नवी घालायला लावली.

टोमणा सुचला होता, चांगला होता, पण गिळला. तू म्हणतेस ते हाड आलं असेल आता. चष्मा लावला आणि लिहिलं. रविवारी माझा मुलगा घरी आला नव्हता. त्याच्या आधीच्याही कुठल्या रविवारी आला नव्हता. मी खोटं सांगितलं. सही केली. कारकून हळूच म्हणाला, आजोबा, दोन प्रती लागतात. मग दुसऱ्या कागदावर पुन्हा सगळं लिहिलं. इतके दिवस जे एकदाही तोंडातून निघालं नाही ते सरकारने दोनदा लिहून घेतलं.

तुझ्या बसबद्दलही विचारायला येतील. मोतीबिंदू आहे म्हण. आहेच.

एक्स्चेंजच्या मुख्य बाई स्वतः येऊन गेल्या, सोमवारपासून या म्हणाल्या. सूनबाई म्हणाली, सोमवारी नाही, पुढच्या आठवड्यात बघू. मोठ्या शहरातल्या जागेचा विषय मीच काढला. म्हटलं, ती अजून रिकामी आहे का ते विचार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आधी गुरुवार होऊ द्या. नाही म्हणाली नाही.

कारण गुरुवारी त्याला आणताहेत. सकाळी, सैन्याच्या गाडीतून. साहेबांनी विचारलं घरी आणायचं की परस्पर न्यायचं. सूनबाई आतून म्हणाली, घरी. तेव्हा घरीच.

मला आता एकच काळजी लागली आहे आणि ती कुणाशी बोलता येत नाही. आपला जिना अरुंद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तर आडवी खाटसुद्धा फिरत नाही. पेटी लांब असणार, तो उंच होता. काल मी सुतळी घेऊन वळण मापलं, आज पुन्हा मापलं. कठडा काढला तर बसेल असं वाटतं. स्क्रू गंजलेत, त्यांना तुझं तेल सोडून ठेवलं आहे, उद्या काढतो. उचलणारी पोरं नवखी असतील, त्यांना माहीत नसणार. वळणावर कुणीतरी उभं राहून सांगायला हवं, पुढची बाजू वर घ्या, आता डावीकडे, हळू. मला ते सांगता येणार नाही, माझा आवाज जाईल. तुझा आवाज वॉर्डभर ऐकू जायचा.

बुधवारच्या गाडीने ये. वळणावर तू उभी राहा. मी वर दार उघडून थांबतो.

दादा